मुळात चालू असावं, एवढंच

संघपाल गेल्याचा फोन मला धारूरहून शेख मॅडमचा आला. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होतो. संध्याकाळची शेवटची बॅच सुटली होती आणि मी एकेक मशीन बंद करत फिरत होतो. मॅडम धारूरच्या एका शाळेत शिकवतात, आवाज कायम खणखणीत. त्या दिवशी मात्र त्यांनी "सर, तुम्ही बसलेले आहात का?" एवढं खालच्या आवाजात विचारलं. मग म्हणाल्या, "संघपालभाई आत्ता माझ्या घरून चहा पिऊन निघाले होते. घाटात उसाची ट्रॉली उभी होती, टायर फुटलेली. मागं लाल पट्टी नाही, दिवा नाही, रस्त्यात दगडसुद्धा लावलेला नाही. पोलिसांनी त्यांच्या फोनवरचा शेवटचा नंबर लावला, तो माझा निघाला." मी विचारलं, "कोणत्या दवाखान्यात नेलंय?" माणूस असंच विचारतो. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही, सर," तेव्हा मला कळलं.

त्याला आता काही आठवडे झालेत. मी हे लिहायला बसलो त्यामागं दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर चीड जास्त आहे. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या : घाटात अपघात, संगणक दुरुस्ती करणारा तरुण ठार. आता संघपालनं कुणाचा संगणक दुरुस्त केला नाही असं नाही, निम्म्या पालीचे, म्हणजे त्याच्या गावाचे, केले असतील. पण त्याची ओळख तेवढीच सांगायची म्हणजे एखाद्या सर्जनला मलमपट्टीवाला म्हणण्यासारखं झालं. मग आमच्या कॉलेजात शोकसभा झाली. तिथं एक ज्येष्ठ प्राध्यापक गहिवरून म्हणाले, "दुर्दैवानं त्याच्या आयुष्याची बॅटरी लवकर संपली." दोनचार जणांनी माना डोलावल्या. मला उठून बाहेर जावंसं वाटलं. ज्या माणसानं आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं लॅपटॉपची बॅटरी थोडी जास्त टिकावी म्हणून घालवली, त्याच्या मरणावर बॅटरीची उपमा… त्याच्यासाठी बॅटरी म्हणजे बॅटरी होती. ती फुगायची, तापायची, शाळेचा तास संपायच्या आत मान टाकायची. सभा संपल्यावर लोक मला विचारत होते, "पण तो नेमकं करायचा तरी काय?" आणि मला ते दोन वाक्यांत सांगता येत नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

आम्ही भेटलो ते तेव्हाच्या औरंगाबादेत, इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर. मी लिंबागणेशचा, शेतकऱ्याच्या घरातला. तो पालीचा, वडील मुख्याध्यापक, आई अंगणवाडीत. दोन्ही गावं बीडच्या एकाच अंगाला, पण आमची ओळख व्हायला तेवढं लांब जावं लागलं. होस्टेलच्या व्हरांड्यातले दिवे दिवसभर जळायचे, कारण त्यांचं बटण रेक्टरच्या कुलूपबंद खोलीत होतं. सगळ्यांना ते दिसत होतं. संघपालला मात्र ते सलायचं. तो रेक्टरला भेटायचा, अर्ज द्यायचा, पुन्हा भेटायचा. "बटण भायेर काढा, येता-जाता कुणीबी बंद करील," एवढंच त्याचं म्हणणं. ते बटण बाहेर आलं तेव्हा आमच्या शेवटच्या परीक्षा चालू होत्या आणि आम्ही गाठोडी बांधत होतो. मी त्याला म्हणालो, "आता काय उपयोग बे? आपण तर चाललो." तो म्हणाला, "आपल्याला न्हाई, पुढच्याला." मला तेव्हाही या उत्तराचा राग आला होता. हा राग पुढं आमच्या मैत्रीत कायमचा राहायला आला.

त्याला पुण्यात चांगली नोकरी लागली. मी बीडला कॉलेजात चिकटलो. काही वर्षांनी त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा तो पालीला परत आला आणि कंपनीचं काम घरूनच करू लागला. वडील गेले, तरी तो पुण्याला परतला नाही. आईला, म्हणजे गयामावशीला, एकटीला ठेवायचं नव्हतं हे एक कारण. दुसरं कारण तोवर त्याच्या घरात ढिगानं येऊन पडलं होतं. त्याच्या ओळखीच्या एका कंपनीनं जुने लॅपटॉप काढून टाकले होते. ते त्यानं आसपासच्या शाळांसाठी मागून आणले. मूळची प्रणाली त्या यंत्रांना आता झेपत नव्हती, म्हणून त्यानं सगळ्यांवर लिनक्स चढवलं. लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, फुकट मिळणारी संगणकप्रणाली, आणि कर्नल हा तिचा गाभा, यंत्राच्या प्रत्येक भागाशी थेट बोलणारा. लॅपटॉप पळायला लागले. पोरं खूश, मास्तर खूश. पण आमच्याकडं दिवसा लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि लाइट गेली की हे लॅपटॉप बघता बघता बंद पडायचे. मी म्हणालो, बॅटऱ्याच जुन्या आहेत, चालायचंच. त्यानं तेच यंत्र जुन्या प्रणालीवर चालवून पाहिलं. ते कण्हत-कुथत चालायचं, पण बॅटरी मात्र जास्त टिकायची. मग त्याला झोप येईना.

थोड्याच दिवसांत तो माझ्या लॅबमध्ये आला. मी पेपर तपासत होतो. समोर बसला आणि म्हणाला, "दत्ता, ह्या लिनक्समदी सगळं हाय. डिस्कला काम नसलं की तिला झोपवायची सोय हाय. आवाजाचं यंत्र गप असलं की त्याचा करंट तोडायची सोय हाय. ब्लूटूथला झोपवायची हाय. लोकांनी सगळं लिहून ठेवलंय. आन् सगळं बंद ठेवलंय."

"मग चालू कर की."

"मी करीन बे. शाळेतली बाई करील का? असं काही असतंय, हेच तिला कावून ठावं असावं?"

मी म्हणालो, शिकव तिला. तो म्हणाला, "एकीला शिकवीन. पण ही प्रणाली घेणारे जगात किती हायत? जो मागतो त्याला मिळतं, अशी सोय म्हंजी ज्याला मागायचं कळतं त्याचीच सोय. मुळात चालू असावं. ज्याला नको, त्यानं बंद करावं." पुढची सगळी वर्षं तो हे एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत, कधी मराठीत, कधी इंग्रजीत, जगभरच्या लोकांना ऐकवत राहिला. मला तर ते पाठच झालं होतं.

याच काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. लिंबागणेशच्या शाळेला लॅपटॉप द्यायचे ठरले तेव्हा माझे चुलते, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं आणि जे कधीकाळी निवडून आले होते, त्यांनी कार्यक्रमच लावला. मंडप, हार, माइक. आदल्या दिवशी त्यांनी संघपालला बोलावून घेतलं. "पडद्यावर फोटू टाकता येतो म्हणं. पोरानं उघडलं की पैला आपला नमस्कार दिसला पायजे." मी मध्ये पडणार होतो, पण संघपाल शांतपणे म्हणाला, "येतो की, आबा." आणि त्यानं खरंच सगळ्यांवर हात जोडलेले आबा बसवले. फक्त हात लावला नाही तर पडदा मिनिटभरात काळा होईल, असं करून ठेवलं. आबांनी कार्यक्रमातच तक्रार केली, "आरं, मी पडद्यावरनं लगीच कावून जातोय?" संघपाल म्हणाला, "आबा, सगळ्यात जास्त करंट पडद्यालाच लागतोय. तुमी झोपला की पोरांचा तास वाचतोय." आबा मनापासून हसले. मात्र त्या दिवशी मंचावर बाकी सगळ्यांना खुर्च्या होत्या आणि संघपालला नव्हती. लॅपटॉप त्याचे, मेहनत त्याची, आणि तो मंडपाच्या खांबाला टेकून उभा. मी नंतर आबांना विचारलं, तर म्हणाले, "राहून गेलं बग." आमच्या गावात कुणाची खुर्ची राहून जाते आणि कुणाची कधीच राहत नाही, हे कुणी ठरवावं लागत नाही. ते आधीपासूनच ठरलेलं असतं. मी संघपालजवळ हे काढलं, तर म्हणाला, "सोड. पोरं टायपिंग करायलेत ते बघ."

मग त्यानं कर्नल सांभाळणाऱ्यांना आपला बदल पाठवला. बदल म्हणजे काय, तर डिस्कच्या झोपेसाठी एका ओळीत ‘बंद’च्या जागी ‘चालू’. एवढ्या एका ओळीसाठी त्यानं भलंमोठं पत्र लिहिलं होतं. त्यांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना जाणाऱ्या सामायिक ईमेलवर, उत्तर आलं, सभ्य आणि थोडक्यात : काही डिस्क एकदा झोपल्या की नीट उठत नाहीत, माहिती बिघडू शकते, तेव्हा मुळात बंदच बरं, ज्याला हवं त्यानं चालू करावं. त्यानं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. कोणत्या डिस्क, विचारलं, तर म्हणाले, पक्की यादी नाही, पण तक्रारी येतात. माझा जीव वर-खाली व्हायचा. मी म्हणायचो, हे लोक घरात चोवीस तास वीज असलेल्या देशात बसलेत, त्यांना तुझी पाली काय दिसणार? तो म्हणायचा, "दिसत न्हाई तर दाखवू." दाखवायचं म्हणजे तपासायचं. मग त्याच्या खोलीत लॅपटॉपची रांग लागली. बीडच्या भंगारवाल्यांकडून, दुकानांतून, माझ्या कॉलेजच्या अडगळीतून त्यानं मिळतील ती मॉडेल गोळा केली. चार्जर काढायचा, विजेची बचत बंद ठेवून बॅटरी किती टिकते ते मोजायचं, चालू करून मोजायचं, हजारदा झोपवायचं, हजारदा उठवायचं. आवाजाचं यंत्र झोपताना स्पीकरमधून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, तो किती यंत्रांत येतो हे ऐकायला तो स्पीकरला कान लावून बसायचा. गयामावशी मला म्हणायच्या, "दत्तू, तू तरी समजाव. लग्नाचं काढलं की हा त्या डब्याला कान लावून बसतोय." मी काय समजावणार? मला स्वतःलाच समजत नव्हतं, इतका हुशार माणूस हे का करतोय. पुण्याच्या नोकऱ्या दाराशी चालून यायच्या. एकदा परदेशातूनही आली. तो नको म्हणाला आणि मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही.

शेख मॅडम याच खटपटीतून आमच्यात आल्या. धारूरच्या जुन्या वस्तीत लग्नघरी बायका ढोलकीवर दखनी, म्हणजे इकडच्या उर्दू बोलीतली, गाणी म्हणतात. ती म्हणणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून चालल्या होत्या, म्हणून मॅडम घरोघर जाऊन त्यांचे आवाज लॅपटॉपवर उतरवून घेत होत्या. पण ऐन गाण्यात बॅटरी जायची. कुणीतरी त्यांना संघपालचं नाव सांगितलं. त्यानं त्यांच्या लॅपटॉपवर बचतीचं सगळ्यात कडक सेटिंग चालू करून दिलं, आणि काही महिने मॅडम फोन करून करून दुवा देत होत्या. एक दिवस त्यांचा लॅपटॉप उघडेना. उघडला तेव्हा गाण्यांच्या बऱ्याच फाइली मोडलेल्या होत्या. त्यांची डिस्क झोपेतून नीट न उठणाऱ्यांपैकी निघाली. संघपालनं तो लॅपटॉप घरी आणून काय काय केलं, ते मी पाहिलंय. अर्धीअधिक गाणी परत आली, काही मधूनच तुटलेली आली, काही आलीच नाहीत. जुलेखाखाला, म्हणजे जुलेखामावशी, या म्हातारीची जवळजवळ सगळीच गेली, आणि जुलेखाखाला स्वतः त्याआधीच वारल्या होत्या.

हे सांगायला आम्ही दोघं धारूरला गेलतो. किल्ल्याच्या बाजूला मॅडमचं घर. त्यांनी चहा ठेवला. संघपालनं कपाला हातही लावला नाही. म्हणाला, "मॅडम, ह्याच्यात तुमच्या मशीनचा दोष न्हाई. मी जे चालू केलतं, त्यानं झालं." मला वाटलं आता मॅडम ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "जुलेखाखाला तर आता परत यायच्या नाहीत." मग त्यांनी विचारलं, "हे तुम्ही अजून कुणाच्या मशीनवर केलंय?"

"बऱ्याच."

"मग आधी ते बंद करा. माझं नंतर बघू."

त्या आठवड्यात आम्ही शाळा-शाळा फिरलो आणि त्यानं स्वतःच्या हातानं चालू केलेली ती बचत स्वतःच्या हातानं बंद केली. लिंबागणेशचे मास्तर कुरकुरले, "चांगलं चाललंतं की, कावून काढता?" त्यानं प्रत्येक ठिकाणी खरं कारण सांगितलं. मग मेलिंग लिस्टवर लिहिलं की माझ्याकडं एका माणसाची कधीही भरून न येणारी माहिती गेली आहे, डिस्कचं मॉडेल हे, सेटिंग हे, आणि माझा प्रस्ताव मी मागं घेतो. ते पत्र पाठवण्याआधी त्यानं मला वाचायला दिलं, आणि तेलगावच्या एका हॉटेलात आमचं जोरात भांडण झालं. मी म्हणालो, "त्यांना हेच पायजे होतं बे. इतक्या वर्षांचं तू तुझ्या हातानं पाडायलास. एका डिस्कचं काय सांगतोस जगाला?" तो भज्याचा तुकडा मोडत बसला. मग म्हणाला, "त्यांचं कारण बरोबर होतं, दत्ता. निकाल चूक होता. कारण बरोबर हाय हे आधी मान्य केलं, तरच निकालावर भांडता येतंय." मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलंय असं नाही. चूक कबूल करणाऱ्याला जग उचलून धरतं, असा माझा तरी अनुभव नाही.

पण झालं मात्र असं, की ज्या माणसानं त्याला सारखं नाही म्हटलं होतं, त्यानंच पहिल्यांदा लांब उत्तर लिहिलं. डिस्कला गाढ झोपवण्याऐवजी एक मधली पायरी करता येईल का, अशी चर्चा सुरू झाली. इतर प्रणाली जशी झोप देतात, तशीच आणि तेवढीच. म्हणजे डिस्क बनवणाऱ्यांनी जी आधीच तपासलेली असते. वीज जवळजवळ तेवढीच वाचत होती. संघपालनं सगळी रांग पुन्हा पहिल्यापासून तपासली. मॅडमनी त्यांची ती डिस्क आपणहून त्याला देऊन टाकली, "हिच्यावर आधी बघा, ही पास झाली तर सगळ्या होतील," म्हणून. ती पास झाली. मधली पायरी कर्नलमध्ये आली. मी पेढे घेऊन पालीला गेलो, तर हा पायरीवर बसून शेंगा सोलत होता. म्हणाला, "पर्याय म्हणून आलीय. मुळात बंदच हाय."

मी ते पेढे तसेच गयामावशींच्या हातात दिले. सगळं भांडण मुळात काय असावं याचं, आणि त्यांनी त्याला आणखी एक पर्याय दिला होता. त्या दिवशी मी त्या अनोळखी लोकांना ज्या शिव्या दिल्या, त्या इथं छापता येणार नाहीत. संघपाल म्हणाला, "अर्धं झालं." मी म्हणालो, "तुझं कायम अर्धंच होतं."

दोनेक वर्षांनी ते पूर्ण झालं. ते केलं दुसऱ्याच कुणीतरी, जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या एका मोठ्या कंपनीच्या माणसानं. तीच ओळ, ‘बंद’च्या जागी ‘चालू’, आणि तिच्या मागोमाग आवाजाची आणि ब्लूटूथचीही. आधार म्हणून बऱ्याच लोकांच्या चाचण्या जोडलेल्या होत्या आणि त्यातला मोठा भाग संघपालचा होता. माणूस प्रामाणिक होता, त्यानं खाली तपासणाऱ्यांत संघपालचं नाव लिहिलं होतं. पण बदल त्याच्या नावावर, कौतुक त्याचं, परिषदेत भाषण त्याचं. मी संघपालला फोन केला. "तुझं नाव कुठंय?"

"खाली हाय की."

"खाली म्हंजी?"

"तपासलं म्हणून." मग तो जरा हसला आणि म्हणाला, "चालू झालं ना बे? मग. आता शाळेतल्या बाईला काहीच करावं लागणार न्हाई. तिला ठावंबी होणार न्हाई." त्याचा आवाज खरोखर समाधानी होता. मी मात्र फोन आपटला. आता तो नाही, तर तो फोन आठवतो आणि राग कुणाचा धरावा कळत नाही. त्या लोकांचा, त्याचा, की माझ्या या स्वभावाचा… जो अजूनही ‘पण नाव कुठंय’ यापुढं सरकत नाही.

मॅडमचं नंतर बघू म्हटलेलं त्यानं सोडलं नव्हतं. जुलेखाखालांची गाणी अजून कोणाकोणाला येतात हे मॅडम शोधून काढायच्या आणि हा सवड मिळेल तसा गाडीवर धारूरला जाऊन ती उतरवून घ्यायचा. अपघाताच्या दिवशीही त्यासाठीच गेलता. त्याच्या सॅकमधला लॅपटॉप फुटला, पण गाणं मॅडमकडं सुखरूप आहे. त्यांनी मला ते ऐकवलं. एका बाईचा घोगरा आवाज आहे, आणि शेवटी मागून संघपाल म्हणतो, "झालं का, खाला?"

संघपालच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीला, मॅडम पालीला आल्या होत्या. भन्तेजींचं बोलणं संपल्यावर आम्ही बाहेर लिंबाखाली उभे होतो. त्या म्हणाल्या, "सर, ट्रॉलीच्या मागं लाल पट्टी चिकटवायला किती वेळ लागतो? ती कारखान्यातून निघतानाच का लावून देत नाहीत? ड्रायव्हरच्या आठवणीवर का सोडतात?" हे वाक्य मी दुसऱ्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलं होतं. घाटात अजूनही ट्रॉल्या तशाच उभ्या असतात. मी परवाच पाहिल्या. एकाला थांबून बोललो, तर म्हणाला, "लावायचीय साहेब, राहून गेली."

गेल्या रविवारी गयामावशींना भेटायला गेलो. खोलीतली लॅपटॉपची रांग तशीच होती. शाळांना काय द्यायचं, काय नाही, ते बघायचं होतं. मावशींनी मला आधी चहा दिला आणि मग आतून एक जुना, काळा लॅपटॉप पिशवीतून काढून आणला. हा मी कधी पाहिलेला नव्हता. मावशींची नजर आता बारीक अक्षराला पुरत नाही, म्हणून गेल्या पावसाळ्यात त्यानं तो आईसाठी तयार केला होता. पडद्यावर अक्षर मोठं होतं. रविवारी दुपारी विहारात बाया जमतात आणि मावशी त्यांना त्यावरून धम्माचा ग्रंथ वाचून दाखवतात. म्हणाल्या, "दत्तू, ह्याला तू हात लावू नको. लाइट गेली तरी हा आमचं वाचन व्हईस्तोर चालतोय. त्यानं ह्याच्यात काय करून ठेवलंय त्यालाच ठावं. फकस्त बघ, आन् मला सांग काय केलंय ते. म्हंजी उद्या बिघडला तर कुणाला तरी सांगता येईल."

मी बघायला बसलो. मला माहीत होतं तो कुठं काय लिहितो. डिस्कचं पाहिलं, आवाजाचं पाहिलं, ब्लूटूथचं पाहिलं. ज्या ज्या जागी तो हातानं ओळी घालायचा, त्या सगळ्या जागा उघडल्या. कुठंच काही नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. माझा संताप व्हायला लागला. जगभरच्या लॅपटॉपसाठी जीव टाकला आणि स्वतःच्या आईच्या लॅपटॉपला हात लावायला याला सवड झाली नाही? मग ध्यानात आलं. सगळी बचत चालू होती. प्रणाली नवी होती, ती जशी येते तशीच त्यानं चढवली होती. वेगळं काही करायची गरजच पडली नव्हती.

"काय केलतं त्यानं?" मावशींनी विचारलं.

"ह्याच्यात काही केलेलं न्हाई, मावशी."

"असं कसं? काहीतरी केलंच असंल."

"केलंय," मी म्हणालो. "पर इथं न्हाई केलं." त्यांना ते कळलं की नाही, माहीत नाही. त्यांनी पदरानं पडदा पुसला, झाकण लावलं, पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "चल, बाया वाट बघत असतील."

विहारात सतरंजीवर दहाबारा बाया बसल्या होत्या. मी मागं भिंतीला टेकलो. मावशींनी चौरंगावर लॅपटॉप ठेवला, चष्मा वर सरकवला आणि वाचायला सुरुवात केली. थोड्या वेळानं लाइट गेली. वरचा पंखा हळू होत होत थांबला. कुणी वर पाहिलं नाही. मावशी वाचत होत्या.